ऑसिलेटर बांधायला बसशील तेव्हा

अगं, तुझा निरोप वाचला. तयार आयसी मिळत असताना ट्रान्झिस्टर घेऊन व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजवर फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर, कशाला बांधायचा, असं ग्रुपमधले सगळे म्हणतात, आणि आता तुलाही वाटायला लागलंय की आपण उगाच हट्ट करतोय का. कर हट्ट. 3340 नावाचा आयसी आहे, उत्तम आहे. 1980च्या सुमाराच्या प्रॉफेट-5 पासून कितीतरी सिंथेसायझर त्याच्यावर चालले. पण त्याच्या पोटात काय चाललंय ते सीआरओचा प्रोब लावून बघता येत नाही. तू अजून शिकते आहेस, आणि शिकायच्या वयात आतलं बघायला मिळणं फार मोठं असतं. आयसी पुढे आयुष्यभर वापरशीलच.

सर्किट मी काढून देणार नाही, ते पुस्तकात मिळेल. पुस्तकं जे एका ओळीत उरकतात, तेवढंच मी सांगते.

आधी एक ठरव, व्हीसीओ कशासाठी हवाय. रेडिओसाठी असेल तर रस्ता वेगळा: कॉइल, कपॅसिटर, एक ट्रान्झिस्टर, कोलपिट्स पद्धतीची जोडणी आणि व्होल्टेजनुसार धारिता बदलणारा व्हॅरॅक्टर डायोड. तिथे फ्रिक्वेन्सी थोड्याच पट्ट्यात हलवायची असते. तुला हवाय तो सुरांचा. त्याला 27 हर्ट्झपासून 7000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे आठ सप्तकं, एकाच नॉबवर फिरायचंय. हे काम अवघड आहे, आणि म्हणूनच त्यात मजा आहे.

सुरुवात दोन ट्रान्झिस्टरांच्या मल्टिव्हायब्रेटरने कर. एब्राहम आणि ब्लॉक या फ्रेंच जोडीचा तो शोध पहिल्या महायुद्धाच्या काळातला, तेव्हा व्हॉल्व्ह होते. दोन बीसी547, बेसला 47 किलोओहमचे दोन रेझिस्टर, 10 नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, सप्लाय 5 व्होल्ट. नेहमीच्या आकृतीत ते 47 किलोओहम सप्लायला जोडलेले असतात. तू ते सोडव आणि वेगळ्या, बदलत्या व्होल्टेजला जोड. झाला तुझा पहिला व्हीसीओ. सप्लाय मात्र 9 किंवा 12 करू नकोस. दर आवर्तनात बेस जवळजवळ सप्लायइतका उणे बाजूला ढकलला जातो आणि बेस-एमिटर जोड उलट बाजूने पाच-सहा व्होल्टच सोसतो. त्याच्यापुढे तो फुटतो, फ्रिक्वेन्सी बिघडते आणि ट्रान्झिस्टर हळूहळू खराब होत जातो. जास्त सप्लाय हवाच असेल तर एमिटरला डायोड घाल.

आता रिडिंग घे. 5 व्होल्टला साधारण 1400 हर्ट्झ येतील, 4 ला 1180, 3 ला 940, 2 ला 700च्या आतबाहेर. आलेख काढलास तर जवळजवळ सरळ रेष दिसेल आणि तू खूश होशील. मग तोच ऐक. 2 वरून 3 व्होल्टवर गेलीस की सूर सा वरून साधारण मध्यमावर जाईल, आणि 4 वरून 5 वर गेलीस की जेमतेम कोमल गंधार गाठेल. व्होल्ट तेवढाच, उडी वेगळी. कानाला हर्ट्झचा फरक कळत नाही, पट कळते. 220 चे 440 झाले की एक सप्तक आणि 440 चे 880 झाले की पुन्हा एकच सप्तक. म्हणून रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये आपला पहिला सिंथेसायझर बांधताना एक व्होल्टला एक सप्तक असा हिशेब धरला. आजही बहुतेक अॅनॉलॉग सिंथ त्याच हिशेबावर चालतात. एक व्होल्ट वाढला की फ्रिक्वेन्सी दुप्पट झालीच पाहिजे, तळाला असो की टोकाला.

ही दुप्पट कुठून आणायची? ट्रान्झिस्टर ती जन्मतःच घेऊन येतो. बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज 18 मिलिव्होल्टने वाढव, कलेक्टरचा करंट दुप्पट. आणखी 18, पुन्हा दुप्पट. नॅनोअँपिअरपासून मिलिअँपिअरपर्यंत हा नियम इतका चोख पाळला जातो की मला अजूनही त्याचं अप्रूप वाटतं. साध्यातला साधा बीसी547 सुद्धा हा नियम पाळतो. म्हणजे तुला एवढंच करायचं, की बाहेरून येणाऱ्या 1 व्होल्टचे 18 मिलिव्होल्ट करायचे, वर 100 किलोओहम आणि खाली 1.8 किलोओहमच्या आसपासचा विभाजक लावून, आणि ते बेसला द्यायचे. मिळालेल्या करंटने कपॅसिटर भरायचा. करंट दुप्पट, भरण्याचा वेग दुप्पट, सूर एक सप्तक वर.

कागदावर झालंसुद्धा. आता खरं दुखणं ऐक.

एक सुटा बीसी547 घे, मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेव, लाल पिन बेसला आणि काळी एमिटरला लाव. 0.650 च्या आसपास काहीतरी दिसेल. तो आकडा स्थिरावू दे आणि मग ट्रान्झिस्टरचं डोकं चिमटीत धर. शेवटचे आकडे उतरायला लागतील. सोडलंस की पुन्हा चढतील. दर अंश सेल्सिअसला साधारण 2 मिलिव्होल्ट उतरतात. खोली 25 अंशांवर असेल तर बोटांच्या उबेने दहा-बारा मिलिव्होल्ट सहज गेलेले दिसतील. हा प्रयोग केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. कारण तुझं अख्खं सप्तक 18 मिलिव्होल्टमध्ये बसलंय. एक अर्धस्वर म्हणजे दीड मिलिव्होल्ट. एका अंशाला 2 मिलिव्होल्ट सरकले, म्हणजे एका अंशाच्या फरकाने सूर अर्ध्या स्वराहूनही जास्त हलला. दुपारी खोली पाच अंशांनी तापली की तुझा सा तीव्र मध्यम ओलांडून पंचमाच्या दारात उभा. एकट्या ट्रान्झिस्टरवर सुरांचा व्हीसीओ होत नाही, तो का होत नाही ते हे.

यावर उपाय जोडीचा. एका ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज उष्णतेने जेवढं सरकतं, तेवढंच दुसऱ्याचं सरकू द्यायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. सोपी रीत अशी: आधी एक पीएनपी, बीसी557, एमिटर फॉलोअर म्हणून लाव. त्याचा एमिटर 12 व्होल्टपासून एका रेझिस्टरने ओढून धर आणि तिथून थेट बीसी547 च्या बेसला जा. पीएनपी एक पायरी वर चढवतो, एनपीएन एक पायरी खाली उतरवतो. दोन्ही पायऱ्या एकाच उष्णतेने लहान-मोठ्या झाल्या की बाहेर फरक फारसा दिसत नाही. पीएनपी आणि एनपीएन मुळात वेगळे, त्यामुळे वजाबाकी पुरती होत नाही, पण कॉलेजच्या प्रोजेक्टला भरपूर पुरते. याहून नेमकं हवं तर दोन एनपीएन एमिटरला एमिटर जोडून घ्यायचे आणि एकाचा करंट ऑप-अॅम्पने पक्का बांधून ठेवायचा.

आणि इथे माझं एक ठाम मत आहे, ते लक्षात ठेव. मुलं पन्नास-पन्नास ट्रान्झिस्टर आणून, रात्री जागून, एका मिलिव्होल्टपर्यंत जुळणारी जोडी शोधतात आणि मग ते दोघे बोर्डावर दोन इंच अंतरावर लावतात. सगळी मेहनत पाण्यात. दोन ट्रान्झिस्टर जरा कमी-जास्त असले तर सूर फक्त थोडा वर किंवा खाली सरकतो, आणि तो ट्यूनच्या पॉटने जागेवर आणता येतो. दोघांचं तापमान वेगळं झालं तर मात्र कुठलाच पॉट कामाला येत नाही. जुळवण्यापेक्षा चिकटवणं महत्त्वाचं. थंडीत एका गोधडीत झोपलेल्या दोन बहिणींसारखे ते असले पाहिजेत, एकाची ऊब दुसऱ्याला लगेच कळावी. सपाट बाजू सपाट बाजूला लाव, मध्ये थर्मल पेस्टचं बोट, वरून हीट श्रिंकची नळी. तोंडाला तोंड लावल्यावर एकाचा कलेक्टर दुसऱ्याच्या एमिटरसमोर येतो, तेव्हा बोर्ड काढायच्या आधी हातात धरून पाय मोज. आणि दुकानदाराने बीसी547 नाही म्हणून 2एन3904 हातावर ठेवला, तर त्याचे पाय उलट्या क्रमाने असतात हे विसरू नकोस.

एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर पाच ट्रान्झिस्टर असलेला सीए3046 मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो आता सहज मिळत नाही. फेअरचाइल्डने एके काळी यूए726 काढला होता, त्यात ट्रान्झिस्टरांच्या जोडीबरोबर त्याच तुकड्यावर हीटरही होता, म्हणजे बाहेर काहीही असो, जोडी आपल्या ठरल्या उष्णतेवर.

जोडी चिकटवली तरी उष्णतेचा दुसरा डाव राहतोच. पहिल्याइतका मोठा नाही, पण चिवट. ते 18 मिलिव्होल्टही कायम नसतात. केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात ते वाढतात, अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का. मधल्या सुरावर काही कळत नाही, पण तिथून तीन सप्तकं वर गेलीस की दर अंशाला 12 सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) चुकतात. दोन अंशांत एका श्रुतीएवढी चूक. त्यासाठी विभाजकातला खालचा रेझिस्टर असा घ्यायचा की तोही उष्णतेने तेवढाच वाढेल, अंशाला 3300 पीपीएम. त्याला टेम्पको म्हणतात. तो जोडीच्या डोक्यावर चिकटवायचा, चार बोटं लांब नाही. आपल्याकडे तो मिळणं मुश्कील, बहुधा बाहेरून मागवावा लागतो. तोवर साधा मेटल फिल्म लाव, वही उघड आणि सकाळ-दुपार-संध्याकाळचं तापमान आणि फ्रिक्वेन्सी लिही. तेवढा तक्ता व्हायव्हाला समोर ठेवलास तर परीक्षकाला दुसरं काही विचारावंसं वाटणार नाही.

आता कपॅसिटर. 1 नॅनोफॅरड घे, 5 व्होल्टचा चढउतार धर. 440 हर्ट्झला लागणारा करंट 2.2 मायक्रोअँपिअर. 27.5 हर्ट्झला 0.14 मायक्रोअँपिअर. हे आकडे स्वतः काढून बघ, फ्रिक्वेन्सी गुणिले धारिता गुणिले व्होल्ट, बस. एवढासा करंट म्हणजे कपॅसिटरवरचं व्होल्टेज साध्या ट्रान्झिस्टरने वाचायचं म्हटलं तर तोच बेसमधून दोन-तीन मायक्रोअँपिअर पिऊन टाकेल आणि खालचे सूर गायबच होतील. तिथे जेफेट लाव, बीएफ245 किंवा त्याचा भाऊबंद, त्याचं गेट जवळजवळ काहीच पीत नाही. कपॅसिटर पॉलिस्टायरीनचा किंवा सीझिरोजी जातीचा सिरॅमिक. डबीत पडलेला कुठलाही पिवळा-तांबडा सिरॅमिक उचलू नकोस, त्यातल्या बऱ्याच जातींची धारिता उष्णतेने आणि व्होल्टेजने बदलते आणि तू बिचारी दोष ट्रान्झिस्टरला देत बसशील. ब्रेडबोर्डवर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्येही काही पिकोफॅरड असतात. ब्रेडबोर्डवर फक्त चालतंय का ते बघ, ट्यून सोल्डर केलेल्या बोर्डावरच कर. त्या बोर्डावरचा फ्लक्सही स्पिरिटने पुसून काढ, 0.14 मायक्रोअँपिअरच्या खेळात त्याची गळतीसुद्धा भारी पडते.

कपॅसिटर ठरल्या पातळीला पोचला की तो झटक्यात रिकामा करायचा, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लाट मिळते. पातळी ओळखायला दोन ट्रान्झिस्टरांचा श्मिट ट्रिगर लाव. ऑटो श्मिट यांनी तो 1934 मध्ये विद्यार्थी असताना काढला, तेही स्क्विडच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना. मला ही गोष्ट फार आवडते म्हणून सांगितली. काहीजण एक पीएनपी आणि एक एनपीएन एकमेकांत अडकवून थायरिस्टरसारखी जोडी करतात. भाग कमी लागतात, पण वरच्या सुरांना भरणारा करंट मोठा झाला की ती जोडी अडकून बसते, सुटतच नाही आणि ऑसिलेटर गप्प होतो. लॅबमध्ये तुम्ही 2एन2646 यूजेटीवर जे करवती लाटेचं प्रॅक्टिकल करता, त्यालाही हाच आजार. म्हणून माझी पसंती श्मिटला.

रिकामं व्हायलाही वेळ लागतो. समज 1 मायक्रोसेकंद. 440 हर्ट्झला एका आवर्तनाला सव्वाबावीसशेहून जास्त मायक्रोसेकंद असतात, त्यात एक गेला तर कुणाला कळणार? पण 7040 हर्ट्झला आवर्तन 142 मायक्रोसेकंदांचं. तिथे एक गेला की सूर 12 सेंट उतरतो. वरचे सूर उतरतायत असं वाटलं की लोक प्रीसेट पिळत सुटतात, मग मधले बिघडतात, मग पुन्हा वरचे. तसं करू नकोस. कपॅसिटरच्या मालिकेत एक छोटा रेझिस्टर घाल, 1 नॅनोफॅरड आणि 1 मायक्रोसेकंद असेल तर 1 किलोओहम. त्या रेझिस्टरवर करंटच्या प्रमाणात थोडं व्होल्टेज पडतं, पातळी तेवढी लवकर गाठली जाते आणि गेलेला वेळ भरून निघतो. सर्जिओ फ्रँको यांच्या नावाने ही युक्ती ओळखतात. एका रेझिस्टरचं काम, पण ज्याला सुचलं त्याला नमस्कार करावासा वाटतो.

ट्यून करताना घाई नको. सप्लाय चालू करून अर्धा तास तसाच ठेव, पंखा बंद, बोर्डावर खोक्याचं झाकण. नेमके 1, 2, 3 व्होल्ट दे, मल्टिमीटरवर दिसणारे, पॉटवर लिहिलेले नव्हेत. स्केलच्या जागी, म्हणजे एका व्होल्टला नेमकं एक सप्तक बसवायला, अनेक वेढ्यांचा प्रीसेट हवाच, एका वेढ्याच्या प्रीसेटवर बोट हललं की दहा सेंट गेले. दोन सप्तकं दूर असलेले सूर घेऊन पट चारची येते का बघ, तेवढीच काळजी कर. मूळ सूर कुठला आहे याची चिंता शेवटी, तो ट्यूनच्या पॉटने हलतो. आणि मोबाईलवरच्या ट्यूनरवर डोळे लावून बसण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा षड्ज शेजारी लाव. 440 ला 1 हर्ट्झची चूक म्हणजे चार सेंट. ट्यूनरचा काटा तेवढ्याला जेमतेम हलेल, पण दोन सुरांमध्ये सेकंदाला एक हेलकावा तुझ्या कानाला स्पष्ट ऐकू येईल. लहानपणी गाण्याच्या क्लासला जे कान तयार झाले, ते वाया गेले असं आई म्हणते ना? तिला हे ऐकव.

परदेशी लोकांचा खेळ आहे हा, असंही कुणीतरी म्हणालं म्हणतेस. अहमदाबादच्या एनआयडीत 1969 मध्ये मूग सिंथेसायझर आला होता, डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे स्टुडिओ उभा केला, आणि गीता साराभाईंसारख्या पखवाज शिकलेल्या बाई त्याच्यावर काम करत होत्या. त्या 1969 ते 1972 मधल्या ध्वनिफितींचा संग्रह 2023 मध्ये बाहेर आला. शोधून ऐक.

सामान पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल, मुंबईला आलीस तर लॅमिंग्टन रोडला जाऊ. ट्रान्झिस्टर एकाच पट्टीतले माग, सुटे मुठीने देऊ लागले तर घेऊ नकोस. जेफेट घेताना दोन जास्त घे, ते एकसारखे नसतात.

आणि आणखी एक, हे मी बहीण म्हणून बोलतेय. ग्रुपचा प्रोजेक्ट असला की मुलींच्या हाती जर्नल येतं आणि सोल्डरिंग आयर्न दुसऱ्याच्या हातात जातं. "तुझं अक्षर चांगलं आहे" असं गोड बोलून ते होतं. जर्नल सगळ्यांनी वाटून लिहा. जोडी तू चिकटव, टेम्पको तू बसव, प्रीसेट तू फिरव. ज्याने जोडीला हात लावलेला असतो, त्यालाच हे सर्किट कळलेलं असतं.

बोर्ड उभा राहिला की मला आवाजाची क्लिप आधी पाठवू नकोस. 1 पासून 5 व्होल्टपर्यंतची रिडिंग, खोलीचं तापमान आणि जोडीचा जवळून काढलेला फोटो पाठव. त्यावरून काय चुकतंय ते मी इथे बसून सांगेन.